मदत हवी आहे: एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) वर टिपेची धार चार जॉबमध्येच जाते, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. भोसरीत आपला छोटा गाळा आहे, एक साधा लेथ, एक ड्रिल मशीन, बस. आजवर एमएस (माइल्ड स्टील) आणि ईएन ८ (कार्बन स्टील) चंच काम केलं, कधी त्रास नाही, पण या महिन्यात पहिल्यांदाच एसएस ३०४ चे पंप शाफ्ट घेतलेत, ३२ एमएमचा बार. टिप, म्हणजे टूलवर बसणारा कार्बाइडचा कापणारा तुकडा, सीएनएमजी १२०४०८, एमएसला वापरतो तीच. चार जॉब झाले की फिनिश खरबरीत आणि आवाज चिरका. टिप जळू नये म्हणून आरपीएम ४०० वर आणला, फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते) ०.०५ एमएम, कट (खोली) ०.२ एमएम, म्हणजे अगदी जपून चाललोय तरी उलट लवकरच जाते. दुकानदार म्हणतो माल एक नंबर, तुमचं मशीन बघा. कार्बाइड स्टीलपेक्षा कितीतरी कडक, मग ते झिजतंच कसं? रेट आधीच टाइट दिलाय, चारही कोपरे एका दिवसात संपतायत राव.

टूलरूमकाका:
टिप फेकू नका, आधी भिंगाखाली धरा. जॉबला घासते त्या बाजूला सरळ चकचकीत पट्टी असेल तर ती नेहमीची झीज, ती होणारच. कापलेल्या धातूची चिप जिथून वर सरकते तिथे खड्डा असेल तर उष्णतेचं काम. अजून काही दिसलं तर सांगा.

धागाकर्ता:
काका बघितलं. टोकावर चंदेरी गोळा चिकटलाय, नखाने निघत नाही, आणि कट जिथपर्यंत पोचतो बरोबर तिथे एक खाच.

टूलरूमकाका:
मग जपूनच मारलीत तिला! हिशोब करा, ३.१४ गुणिले ३२ गुणिले ४०० भागिले १०००, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४० मीटर. कार्बाइडला एवढ्या कमी स्पीडवर ३०४ चिकटतं. तो गोळा म्हणजे जॉबचाच मेटल धारेला वेल्ड झालेला, तो वाढतो, सुटतो आणि सुटताना कार्बाइडचे कण घेऊन जातो, मग जॉब मऊ असला म्हणून काय झालं. शिवाय ३०४ ला दाबलं की ते वरून कडक होतं. ०.२ चा कट आणि ०.०५ फीडने टिप कापण्यापेक्षा घासतेच जास्त, आणि पुढचा प्रत्येक पास त्या कडक सालीतूनच जातो. खाच तिथूनच आली. १२०० आरपीएम लावा, १२० मीटर होईल. कट १ एमएम, फीड ०.१५ ते ०.२. आणि कट चालू असताना टूल मध्येच थांबवून जॉबवर घासू देऊ नका.

जुनालेथ:
काका, पण स्पीड वाढवला की टूल लाइफ कमी होतं हे आयटीआयपासून ऐकतोय, टेलरचा फॉर्म्युला.

टूलरूमकाका:
बरोबर ऐकलंय. कार्बाइडला घातांक ०.२५ धरला तर स्पीड २० टक्के वाढवला की आयुष्य जवळपास निम्मं. पण तो फॉर्म्युला मेटल चिकटतं त्या स्पीडच्या पट्ट्याच्या वर चालतो, खाली नाही. हे गृहस्थ त्या पट्ट्यातच बसलेत. म्हणून २०० मीटरला पळवा असंही म्हणत नाहीये, ३०४ मधून उष्णता बाहेर जात नाही, साध्या स्टीलच्या तिसरा हिस्साच वहन आहे, सगळी धारेवर जमते.

व्हीएमसीवाली:
टिपेची डबी पण बघा. निळा पी ग्रुप स्टीलसाठी असतो, स्टेनलेसला पिवळा एम घ्या, धार जास्त तीक्ष्ण असते आणि ग्रेड चिवट. कूलंट ब्रशने अधूनमधून लावत असाल तर बंद करा, तापलेल्या टिपेवर गार थेंब पडला की बारीक चिरा जातात. द्यायचं तर सतत धार सोडा. आणि मऊ वस्तूने कडक धार कशी जाते याचं नवल वाटत असेल तर दाढीचं ब्लेड आठवा, केस स्टीलपेक्षा पन्नासेक पट मऊ, तरी धारेचे टवके उडतात, अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी २०२० मध्ये मायक्रोस्कोपखाली तेच पाहिलं.

धागाकर्ता:
ताई डबी निळीच निघाली 😅 ब्रशचं पण खरंय, पोरगा डब्यातून लावतो. पिवळी उद्या आणतो, पण आज त्याच निळीवर १२०० आणि १ एमएमने चालवलं, अकरा जॉब झाले, गोळा नाही. फक्त चिप आता लांब दोरीसारखी येऊन चकला (जॉब धरतो त्या भागाला) गुंडाळतेय, हात घालायची भीती वाटते. याला फीड अजून वाढवू का ब्रेकर (टिपेवरची चिप तोडणारी खोबण) बदलू?

टूलरूमकाका:
आधी मशीन बंद करून आकड्याने ओढा, हाताने नाही. मग फीड ०.२५ करून बघा. फिनिश बिघडलं तर ब्रेकर.