मदत हवी आहे: कॉर्डलेस ड्रिलवर ऑगर चालेना, टक-टक करून थांबतोय

डाळिंब_दोन_एकर
कॉर्डलेस ड्रिलला मातीचा ऑगर (जमिनीत भोक पाडायचा पिळदार पात्यांचा दांडा) लावलाय. चार बोटं खाली गेला की टक-टक-टक आवाज येतो. ड्रिल फिरल्यासारखं वाटतं, पण ऑगर जागेवर उभा. बॅटरी फुल आहे. परदेशात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला लोक असल्याच ड्रिलनं फूटभर बर्फात भोक पाडतात, ते व्हिडिओ बघूनच घेतलं. मग इथं काय अडायलंय? ड्रिल खराब निघालं का? दुकानदार परत घेईना. लवकर सांगा, काम खोळंबलंय.

वायंडिंग_एमआयडीसी
मालक, निम्मी माहिती पोटातच ठेवलीत. ड्रिल किती व्होल्टचं, चक (पुढं ऑगर धरणारा जबडा) १० एमएमचा की १३ चा, मोटर ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) आहे का, ऑगर किती इंची, जमीन कसली? चकमागच्या रिंगवर आत्ता कुठला आकडा आहे, तेवढं आधी बघा.

पहार_टिकाव
ड्रिल भिंतीसाठी असतं. पहार घ्या, दोन गडी लावा, काम संपवा.

डाळिंब_दोन_एकर
२१ व्होल्ट, चक १३, ब्रशलेस लिहिलंय. ऑगर ६ इंची. रिंग १५ वर. जमीन आपली नेहमीचीच.

वायंडिंग_एमआयडीसी
रिंग १५ वर, तिथंच घोळ आहे. टक-टक म्हणजे बिघाड नाही, क्लच सुटतोय. रिंगवरचे आकडे स्क्रू पिळायला असतात. ठरलेला जोर आला की क्लच मोटरला चकापासून सोडवतो, स्क्रूचं डोकं झिजू नये म्हणून. रिंग पार फिरवून ड्रिल बिटच्या खुणेवर आणा. हातोडीच्या खुणेवर नको, ते ठोके काँक्रीटसाठी. ऑगरला उपयोग शून्य, गिअरबॉक्स मात्र खिळखिळा होतो.

दुसरं, वरची सरकपट्टी १ वर. २ वर वेग जास्त, जोर कमी. ड्रिल थांबल्यावरच पट्टी सरकवा, फिरताना सरकवली तर दाते जातात.

आणि २१ व्होल्टवर भाळू नका. पाच सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ प्रमाणे २१ होतात, चालताना सरासरी ३.६ प्रमाणे १८. म्हणजे ते १८ व्होल्टचंच ड्रिल. बॅटरीवर ४८ छापलेलं असलं तरी आत सेल पाचच असतील तर तेही तेच. बघायचा आकडा न्यूटन-मीटरचा, म्हणजे फिरवायच्या जोराचा. तो किती लिहिलाय?

गळ_आणि_बर्फ
बर्फाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. बर्फ एकजिनसी असतो. त्यात खडा नाही, मूळ नाही. ऑगरची पाती रंध्यासारखी पातळ साल काढत जातात आणि चुरा ऑगरच्या पिळदार पट्ट्यावरून आपोआप वर येतो. तरीसुद्धा ६-८ इंची ऑगरला १८ व्होल्टचं ब्रशलेस, १३ एमएम चकचं, साधारण ८० न्यूटन-मीटरच्या वरचं ड्रिल मागतात, आणि बाजूचं हँडल लावल्याशिवाय चालवू नका म्हणतात. चकाखाली रुंद चकती बसवतात, कारण चक सुटला तर ऑगर भोकातून थेट तळ्यात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. मिनेसोटात तर नुसतं चालत जायलाही किमान ४ इंच चांगला, स्वच्छ बर्फ हवा असं तिथलं सरकारी खातं सांगतं.

कुणी बर्फाचाच ऑगर ऑनलाइन मागवला असेल तर मातीत घालू नका. वाळूच्या एका कणानं पात्याची धार जाते.

उजनी_काठ
आपल्याकडं उजनीत बर्फ लागत नाही, गळ टाकला की चिलापी. सध्या पाणी किती आहे, कुणी जाऊन आलंय का?

डाळिंब_दोन_एकर
उजनीचं वेगळा धागा काढून विचारा हो. रिंग फिरवली, पट्टी १ वर घेतली. टक-टक गेली. आता वीतभर जातो आणि ड्रिल हातातच गरकन फिरतं, मनगट धरलंय. मग लाल दिवा लागून बंद. ६० न्यूटन-मीटर लिहिलंय. बॅटरी २ एएच (अँपिअर-तास).

काळीची_माती
भोकं कशासाठी, किती खोल, हे अजून सांगितलंच नाही. आणि ‘नेहमीची जमीन’ म्हणजे? मोहोळची भारी काळी वेगळी, सांगोल्याचा मुरूम वेगळा, मध्येच चुनखडीचा थर लागतो तो आणखी वेगळा.

डाळिंब_दोन_एकर
बांबू रोवायला. भगवा डाळिंब आहे, फळं फुगायलीत, फांद्या मोडायल्यात. झाडाला दोन बांबू, भोक दीड फूट. वर वीतभर माती, खाली तांबडा मुरूम.

काळीची_माती
बांबूला ६ इंची भोक? दीड-दोन इंच जाडीच्या बांबूला ३ इंची ऑगर भरपूर झाला. व्यास दुप्पट की माती चौपट निघते, शिवाय पात्याची टोकं मध्यापासून दुप्पट लांब, म्हणून मनगटाला झटका. ६ इंची भोकात बांबू हलतो तो हलतोच, भोवती कितीही धुमस करा.

पाण्याचं गणित असं. मुरूम असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर २-३ लिटर पाणी सोडा, सकाळी भोक पाडा. भारी काळीत ही घाई करायची नाही. ओली असताना चिखल पट्ट्यात घट्ट बसतो, ऑगर नुसता गोळा होऊन फिरतो; वाळली की दगड. तिथं वाफशाचीच वाट बघायची. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, टाकला की फुटावा.

पहार_टिकाव
बांबूच रोवायचाय तर मी पहिल्यांदाच पहार म्हणालो होतो.

काळीची_माती
दोन एकर १५ बाय १० फुटांवर म्हणजे ५८० झाडं, दोन बांबू धरले तर ११६० भोकं. दीड फूट मुरमात पहारीनं तेवढी पाडायला गडी आणून द्या, मग बोलू.

नट_बोल्ट
ड्रिल सोडा, इम्पॅक्ट रेंच घ्या. त्याला झटका हाताला येत नाही आणि जोर चौपट.

वायंडिंग_एमआयडीसी
असहमत. इम्पॅक्टचा जोर ठोक्यात असतो. नट सुटेपर्यंत चार सेकंद द्यायचा तो जोर. ऑगरला सलग ओढ लागते. त्यात ठोकायचा भाग तापतो, अॅडॉप्टरची खिट्टी तुटते.

धागाकर्ते, झटक्यासाठी बाजूचं हँडल लावाच. ऑगर वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणजे अडकला की ड्रिल उलट्या दिशेनं फिरणार. हँडल डावीकडं काढून डाव्या मांडीला टेकवा, खाली गेल्यावर नडगीला. मग झटका पाय घेतो, मनगट नाही. ट्रिगर लॉक करायचा नाही.

३-४ इंच खाली गेलं की फिरता ऑगर वर उचला, माती झटका, परत घाला. एका दमात दीड फूट नेला की पट्टे भरतात आणि मोटर गुदमरते. टोकाचा स्क्रू फार खोल आट्याचा असेल तर तो ऑगरला जमिनीत ओढून अडकवतो. मुरमात त्याचे आटे ग्राइंडरनं थोडे उतरवा.

लाल दिवा म्हणजे तापून किंवा करंट वाढून बॅटरीनं स्वतःला तोडलं. २ एएच ची बॅटरी या कामाला लहान. ५ एएच च्या दोन घ्या, एक सावलीत थंड होईल तोवर दुसरी. तापलेली लगेच चार्जरला लावू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत, आणि आपल्या उन्हात बॅटरी नुसती बांधावर ठेवली तरी तेवढी तापते. सकाळी लवकर सुरू करा.

तारेचा_मांडव
दरवर्षी बांबू कशाला? लोखंडी अँगल रोवून जीआय तार ओढा, एकदाचा खर्च.

डाळिंब_दोन_एकर
तारेचं पुढच्या वर्षी बघू. ३ इंची मिळाला. उलटा फिरवून बाहेर काढला तर चक सैल होऊन ऑगर आतच राहिला. का?

वायंडिंग_एमआयडीसी
उलट फिरवल्यावर बिनचावीचा चक ढिला होतोच. अख्खा चकच ड्रिलवरून सुटत असेल तर जबडे पूर्ण उघडून आत बघा, मधोमध चक धरून ठेवणारा एक स्क्रू असेल. तो डाव्या आट्याचा असतो, घड्याळाच्या उलट फिरवून घट्ट होतो. नसेल तर उलट फिरवणं अजून कमी ठेवा. ऑगरची दांडी षटकोनी असेल तर जबडे तिच्या सपाट बाजूंवर बसवा, कोपऱ्यांवर नाही. अडकलाच तर ड्रिल काढा, दांडीला पाइप पाना लावून हातानं अर्धा वेढा उलटा द्या आणि सरळ वर ओढा.

बाग_तपासणी
हे कुणी विचारलं नाही, तरी लिहितो, कारण यात बाग जाऊ शकते. मर रोगाची बुरशी मातीतून आणि जखमी मुळांतून शिरते. ऑगर म्हणजे मुळं कापत जाणारं आणि एका झाडाची माती दुसऱ्याला नेणारं हत्यार. ठिबकच्या ड्रीपरखाली पांढरी मुळी दाट असते, तिथं भोक नको. खोडापासून दोन-अडीच फूट, लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) पलीकडं घ्या. १६ एमएमची लॅटरल आधी हातानं बाजूला सारा. एकदा पट्ट्यात गुंडाळली की ओढत सगळी ओळ उखडते.

एखाद्या झाडाची एकच फांदी पिवळी पडून सुकत असेल तर त्या झाडाला आणि त्याच्या चारी बाजूंच्या झाडांना ऑगर लावू नका, तिथं बांबू झाडापासून लांब पहारीनं रोवा. बाकीच्यांतही निरोगी ओळी आधी, शंका असलेल्या शेवटी. ओळ बदलताना ऑगरची माती ब्रशनं काढून पाती २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, मग साध्या पाण्यानं धुवा आणि तेलाचा बोळा फिरवा, नाहीतर रात्रीत गंज धरतो.

डाळिंब_दोन_एकर
कडेच्या ओळीत तशी दोन झाडं आहेत. उद्या दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो. हायपोक्लोराइट कृषी केंद्रात मिळतं का केमिकलच्या दुकानात?

बाग_तपासणी
केमिकलच्या दुकानात. बाटलीवरची टक्केवारी बघून घ्या. १० टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, तीन भाग पाणी. हातमोजे घाला, आणि बादली प्लास्टिकची घ्या.