मदत हवी आहे: व्हॅनास कात्रीच्या सांध्यावर तांबूस डाग

नमस्कार. मी डोळ्यांच्या एका लहान हॉस्पिटलात ओटी सिस्टर आहे. आमच्या दोन व्हॅनास कात्र्यांपैकी (डोळ्याच्या ऑपरेशनच्या अगदी बारीक कात्र्या) एकीच्या सांध्यावर मोहरीएवढा तांबूस डाग पडलाय. पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासलं तर बराचसा निघाला, पण भिंगाखाली एक बारीक खड्डा दिसतोय. म्हणजे नुसता डाग नाही, गंजच. पाती मिटतानाही किंचित अडकते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती आहे. डोळ्यात अशी कात्री अडकून चालत नाही.

कारण बहुधा सलाइन. कॅम्पच्या दिवशी केसेस लागोपाठ असतात आणि हत्यारं तशीच ट्रेमध्ये वाळतात. मिठाचा क्लोराइड स्टीलला खातो, हे माहीत असूनही त्या गडबडीत राहून जातं. शिवाय आमचं पाणी बोअरचं, जड. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरनेच करते, टोकांना सिलिकॉनची टोपी घालते, मग १२१ अंशावर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक.

आता विचारायचं असं: खड्डा पडलेली कात्री दुरुस्तीला द्यावी की बादच करावी? अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी हत्यारं धुणारं यंत्र) व्हॅनास सुटी ठेवता की जाळीत? माझ्या मते टोकं एकमेकांवर आपटून जातात. आणि सांध्याला इन्स्ट्रुमेंट मिल्क (हत्यारांचं दुधाळ वंगण) लावता का? क्लीनरचा अंश राहिला तर डोळ्याच्या आत टासची (ऑपरेशननंतर डोळ्याच्या पुढच्या भागात येणारी, जंतूंशिवायची) सूज येते; मिल्कचंही तसंच होईल या भीतीने मी त्याला अजून हात लावलेला नाही.

पुढचा कॅम्प रविवारी आहे. डोळ्यांच्या ओटीत काम केलेल्यांनी कृपया सांगा.