लेक डिस्ट्रिक्टची सुट्टी : मुक्काम, जेवण, बस आणि डोंगर

इंग्लंडच्या वायव्येला, कम्ब्रियात, लेक डिस्ट्रिक्ट आहे. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१७ पासून जागतिक वारसा. नकाशावर एवढंसं दिसतं म्हणून बरेच जण दोन दिवसांत 'सगळी तळी' उरकायला निघतात आणि निम्मा वेळ गाडीत घालवतात. इथल्या दऱ्या मधल्या डोंगरांपासून चहूबाजूंना फुटल्या आहेत. शेजारच्या दरीत जायचं तर मोठा वळसा किंवा घाट. मुक्काम कुठे ठेवलात यावर सुट्टी ठरते. ज्यांना हा भाग नीट माहीत आहे त्यांनी इथे नेमकं लिहावं. प्रवासवर्णन नको; काय करावं, काय चुकतं आणि का, एवढंच. आलेली उत्तरं पुढे एकेका मथळ्याखाली.

गाडीशिवाय जाणाऱ्यांसाठी

लंडन यूस्टनहून रेल्वेने ऑक्सनहोम साधारण पावणेतीन तास. तिथे गाडी बदलून केंडलमार्गे विंडरमिअरचा छोटा फाटा, वीसेक मिनिटं. पहिली चूक इथेच होते: विंडरमिअर स्टेशनला उतरल्यावर तळं दिसत नाही. स्टेशन गावात आहे, तळं बोनेसला, उतारावर दीड मैल खाली. बॅगा असतील तर मुक्काम 'विंडरमिअर' की 'बोनेस' हे बुकिंगच्या आधी नकाशावर बघा.

बसचा कणा म्हणजे ५५५: केंडल, विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, केझिक. (स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, पण उच्चार केझिकच.) उघड्या टपाची ५९९ बोनेस ते ग्रासमिअर धावते. ५०५ हॉक्सहेड-कॉनिस्टनकडे जाते. केझिकहून ७८ बॉरोडेल दरीत, आणि हंगामात ७७ व ७७ए बटरमिअर व हॉनिस्टर खिंडीचा गोल फेरा मारतात. एकेरी भाड्याला २०२५ पासून ३ पाउंडांची मर्यादा आहे. दिवसात तीन-चार बस घेणार असाल तर दिवसाचा पास स्वस्त पडतो का, ते ड्रायव्हरला विचारा. दऱ्यांतल्या शेवटच्या बस फार लवकर सुटतात आणि हिवाळी वेळापत्रक वेगळं असतं. परतीची शेवटची बस आधी बघायची, मग जाण्याची.

गाडी नसेल तर मुक्काम अँबलसाइडला. तीन दिशांच्या बस तिथून मिळतात आणि तळ्याच्या काठावर वॉटरहेडला यूथ हॉस्टेल आहे. कौटुंबिक खोल्या, सामायिक स्वयंपाकघर, समोर बोटीचा धक्का.

अँबलसाइड नव्हे, केझिक

बसच्या दृष्टीने वरचं म्हणणं बरोबर आहे. पण डोंगर चढायचे असतील किंवा सोबत मुलं असतील तर केझिकच. लंडनहून पेनरिथला उतरा आणि एक्स-४ किंवा एक्स-५ बस धरा. गुरुवारी आणि शनिवारी भर चौकात बाजार भरतो, आणि डरवेंटवॉटर तळं चौकापासून चालत दहा मिनिटांवर.

या तळ्यावरची बोट हीच मुख्य युक्ती. ती दोन्ही दिशांनी फिरते. कॅटबेल्स (४५१ मीटर) चढायचा असेल तर घड्याळाच्या उलट दिशेची बोट घेऊन हॉज एंडला उतरा, लवकर पोचता. खालच्या अरुंद रस्त्यावर गाडी लावायला जागा जवळजवळ नसते आणि कडेला लावलेल्या गाड्यांमुळे बस अडकतात. बोटीने गेलात तर हा प्रश्नच उरत नाही. वाटेत आणि शिखराच्या ठीक आधी हात टेकून चढायचे खडक आहेत. पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत, ओले असताना फार निसरतात. उतरताना त्याच खडकांवरून येऊ नका. पुढे हॉज गेटच्या खिंडीत जा, डावीकडे उतरा आणि ब्रँडलहाउच्या धक्क्यावरून परतीची बोट पकडा. सगळं मिळून तीन तास धरा. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा.

संध्याकाळ रिकामी असेल तर कॅसलरिगचं पाषाणवर्तुळ. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं, तिकीट नाही, चारी बाजूंना डोंगर. जूनमध्ये रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवून जाता येतं.

भाड्याचं कॉटेज आणि स्वयंपाक

शाळांच्या सुट्ट्यांत कॉटेज बहुधा पूर्ण आठवड्याने मिळतं, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार. ताबा दुपारी चारच्या सुमारास, सोडायचं सकाळी दहाला. सोडायच्या सकाळी भांडी-कचऱ्याला तासभर लागतो हे धरून चाला.

शेगडी इंडक्शन आहे का, हे आधी विचारा. असेल तर ॲल्युमिनिअमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा जाड बुडाचा न्या. जुन्या घरांची छतं बुटकी आणि धूरसूचक स्वयंपाकघराच्या दाराशीच असतो. तेल धुरावेपर्यंत तापवून मोहरी टाकलीत की तो वाजलाच. पंखा आधी सुरू करा, खिडकी उघडा, दार लावा आणि मध्यम आचेवर फोडणी करा. सूचकावर पिशवी बांधू नका, ते धोक्याचं आहे.

पोहे, डाळ, कणीक, मसाले, कढीपत्ता घरून किंवा वाटेत प्रेस्टन-बोल्टनला घ्या, तिथे गुजराती वस्ती मोठी असल्याने सगळं मिळतं. पुढे तळ्यांच्या भागात भारतीय वाणसामान विसरा. भाजी-दुधासाठी विंडरमिअर स्टेशनला लागूनच सुपरमार्केट आहे.

मटण खाणाऱ्यांनी खाटकाकडे हर्डविक मागावं. ही इथलीच करडी, काटक मेंढी, वर्षभर डोंगरावर चरणारी. वर्ष-दोन वर्षांच्या जनावराला 'हॉगेट' म्हणतात, रश्शाला तेच उत्तम. खांद्याचे तुकडे घ्या आणि कोवळ्या लँबच्या दुप्पट शिट्ट्या द्या.

बाहेरचं खाणं, शाकाहारींची खबरदारी

पबची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात आणि रात्री साडेआठ-नऊला शेवटची ऑर्डर घेतात. डोंगरावरून सात वाजता उतरून अंघोळ करून निवांत जेवायला गेलात तर उपाशी राहाल. टेबल सकाळीच फोन करून सांगा.

कंबरलँड सॉसेज म्हणजे वेटोळं केलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस किमान ८० टक्के हवं, जाडसर कापलेलं, मिरी भरपूर. सोबत अंडं किंवा कुस्करलेला बटाटा.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी विचारल्याशिवाय मागवू नका. उत्तर इंग्लंडात चिप्स पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. 'तळायला काय वापरता?' हा प्रश्न चिप्सच्या दुकानात नेहमीचा आहे, कोणी वाईट मानत नाही. दुसरं, भाजलेल्या बटाट्यांना चरबी आणि ग्रेव्हीत मांसाचा अर्क असतो.

गोडात कार्टमेल गावचं स्टिकी टॉफी पुडिंग खाच. खजुराचा मऊ स्पंज, वर गरम टॉफी सॉस, अंडं असतं. ग्रासमिअरला चर्चच्या कुंपणाला लागून जुन्या शाळेच्या इवल्या खोलीत १८५४ पासून जिंजरब्रेड विकतात. ते केकसारखं नाही, वरून भुसभुशीत आणि आत चिवट. दुपारी रांग रस्त्यावर येते, सकाळी जा. कवी वर्डस्वर्थची समाधी त्याच चर्चच्या आवारात आहे. केंडल मिंट केक हा केकच नव्हे: साखर, ग्लुकोज, पाणी आणि पुदिन्याचं तेल यांची वडी. डोंगरात खिशात ठेवायला उत्तम.

गाडी चालवणाऱ्यांनो

भेटीला आलेल्याला भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. पण अँबलसाइडहून एस्कडेल किंवा वॉसडेलला जाताना नेव्हिगेशन तुम्हाला रायनोज आणि हार्डनॉट खिंडीतून नेईल, कारण अंतर कमी दिसतं. हार्डनॉटचा चढ ३३ टक्के, म्हणजे तीन फुटांना एक फूट, रस्ता एका गाडीचा, वळणं केसाच्या पिनेसारखी. भाड्याच्या मोठ्या गाडीने जाऊ नका. लांबच्या रस्त्याने जा. गेलातच तर उतारावर पहिला गिअर. ब्रेकवर पाय दाबून धरला की ब्रेक तापून निकामी होतात. चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

पार्किंगचं ॲप सिग्नल नसल्यामुळे दऱ्यांत चालत नाही, म्हणून सुटी नाणी ठेवा. गावांत रस्त्यावर फुकट जागा असते, पण काचेत पार्किंगची चकती लावून त्यावर पोचल्याची वेळ फिरवावी लागते. चकती दुकानांत मिळते. ती न लावल्यास दंड होतो.

स्कॉफेल पाइक आणि पाऊस

९७८ मीटर, इंग्लंडमधलं सर्वोच्च शिखर. सह्याद्रीच्या मानाने आकडा लहान वाटतो आणि तिथेच गफलत होते. सह्याद्रीत पाऊस चार महिने, इथे बाराही. बॉरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिमी पडतो, आणि तिथूनच सुंदर वाट सुरू होते: स्टायहेड तळं, मग कॉरिडॉर रूट. जाऊन-येऊन सात-आठ तास. वॉसडेलहून वाट छोटी पण सलग उभी.

वेळेचा हिशेब : सपाटीला ताशी ५ किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. दर १५० मीटरला तापमान साधारण एक अंश उतरतं, वारा वेगळाच. माथा म्हणजे मोठ्या धोंड्यांचं पठार, धुक्यात पायवाट पुसली जाते. उतरताना लोक चुकून पिअर्स गिल या घळीत शिरतात, खाली कडे आहेत आणि मागे चढता येत नाही. फोनच्या भरवशावर राहू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा ओएल ६ नकाशा आणि होकायंत्र न्या. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. अडकलात तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागा. ते स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. सिग्नल नसेल तर शिट्टीचे सहा आवाज, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. एसएमएसने ९९९ वापरायचं तर नोंदणी आधी करावी लागते : 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवा, उत्तर येईल. घरूनच करून निघा.

आणखी एक, पावसाच्या दिवसासाठी

कॉनिस्टनच्या पूर्वेच्या काठावर ब्रँटवुड, जॉन रस्किन यांचं घर. गांधीजींच्या सर्वोदयाचं मूळ ज्यांच्या विचारांत आहे ते हेच. गावातून बोटीने जाता येतं. मुलांच्या पुस्तकांची लेखिका बीट्रिक्स पॉटर हिचं घर हिल टॉप जवळच आहे, पण घर लहान असल्याने आत वेळ ठरवून सोडतात. तिकीट आधी घ्या, आणि दार कोणत्या वारी उघडं असतं तेही बघा.