मदत हवी आहे: महागडा कूलर घ्यावा का? (शुक्रवारी निघायचंय!)

चैत्रपालवी (सोमवार, रात्री ११:४०)
सरळ मुद्द्यावर येते. पाच दिवसांसाठी बाहेर जातोय, लहानमोठे धरून सहा जण. घरातला कूलर जुना झालाय. नवरा म्हणतोय घ्यायचाच तर भारीतला घेऊ, आयुष्यभर बघायला नको. किंमत बघून मला घेरी आली. ऐन उन्हाळा आहे, पाच दिवस थंड राहिलं पाहिजे एवढीच माझी अट. कोणी वापरलाय का? खरंच फरक पडतो की नुसते नावाचे पैसे? "गूगल करा" सांगू नका, केलंय. तिथे सगळे विकायलाच बसलेत.

संत्रानगरी
ताई, कूलरमध्ये आम्हा नागपूरकरांचा हात कोणी धरू नये. प्लास्टिकच्या बॉडीवाल्या कंपनीच्या कूलरच्या नादी लागू नका. पत्र्याचा बनवून घ्या, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पंप चांगला टाका, दहा वर्षं बघायला नको. फक्त एक कळलं नाही. बाहेर जाताना कूलर सोबत कशाला नेता? उतराल तिथे असेल की.

चैत्रपालवी
अहो हवेचा नाही! बर्फाचा! खाण्याचे पदार्थ ठेवतात तो!!

संत्रानगरी
मग आइसबॉक्स म्हणा ना. इकडे उन्हाळ्यात कूलर म्हटलं की दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. वाळ्याचा सल्ला मात्र जपून ठेवा.

हर्णैचा_वारा
आइसबॉक्सला पैसे घालवणं म्हणजे वेडेपणा, स्पष्ट बोलतो, राग नसावा. आम्ही मोसमात दर महिन्याला हर्णैच्या लिलावातून मासळी घेऊन पुण्याला येतो. थर्माकोलचा खोका, कुटलेला बर्फ, एक थर बर्फ एक थर मासळी, वर पुन्हा बर्फ, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. सहा-सात तासांनी खोका उघडला तरी सुरमईच्या डोळ्यात चमक. तळाला भोक पाडायला विसरू नका, पाणी निघून गेलंच पाहिजे. मासळी पाण्यात भिजली की चव संपली. कुठून घेणार आहात मासळी?

चैत्रपालवी
मासळी नाहीये. आणि आम्ही फ्रीमाँटला असतो, कॅलिफोर्निया. जुलैत योसेमिटी नॅशनल पार्कला चाललोय, तंबूत राहणार. मला वाटलं पाच दिवस बाहेर म्हटलं की कळेल.

हर्णैचा_वारा
कसं कळणार? आमच्याकडे पाच दिवस बाहेर म्हणजे अलिबाग.

टेक्सासचा_टिकोजीराव
यती कंपनीचा घ्या, डोळे मिटून. ऑस्टिनच्या दोघा भावांनी २००६ मध्ये कंपनी काढली. मासेमारीला जाऊन कूलरवर उभं राहिलं की झाकण खचायचं, त्या वैतागातून. पूर्ण खोका एकसंध ओतीव असतो. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून तो तापवत गोल फिरवतात, त्यामुळे सांधा कुठेच नाही. भिंतीत आणि झाकणातही फोम, कडेला फ्रिजसारखं रबर. स्वस्तातल्या बऱ्याच कूलरचं झाकण आतून पोकळ असतं, फोमचा पत्ता नसतो आणि गळती तिथूनच. माझा यतीचा टुंड्रा ४५ नऊ वर्षांचा झाला. मुलं त्यावर नाचतात. तीनशेच्या आसपास डॉलर एकदाच जातात, नंतर विसरून जायचं.

काटकसर_क्लब
टिकोजीराव, नाचायला हवा असेल तर स्टूल घ्या, वीस डॉलरला मिळतं.
चैत्रपालवी, माझं गणित वेगळं. वर्षातून किती वेळा जाता? आम्ही दोनदा. आमचा साठ डॉलरचा मोठा कूलर सातवं वर्ष चालवतोय. वर जुनी गोधडी टाकतो, सावलीत ठेवतो. तो ४५ तर रिकामाच २३ पौंडांचा आहे, आणि नावातल्या ४५ वर जाऊ नका, आत तेवढे क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) मावत नाहीत. जाड भिंतीतच जागा जाते. भरला की उचलायला दोघं लागतात, त्यातल्या एकाची कंबर चांगली हवी. अगदीच ओतीव हवा असेल तर आरटीआयसी कंपनीचा बघा. यतीने त्यांना २०१५ मध्ये कोर्टात खेचलं होतं, इतकं साम्य होतं. २०१७ मध्ये मिटलं.

टेक्सासचा_टिकोजीराव
नक्कल ती नक्कल.

काटकसर_क्लब
बर्फाला कुठे कळतंय अस्सल कोण ते.

पारा_शून्यावर
खोक्यावरून भांडण्याआधी जरा आकडे बघा. शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. आता तुम्ही गॅरेजमधल्या ३० अंशाच्या, लिटरच्या दहा बाटल्या कूलरमध्ये टाकल्या. त्या ४ अंशांवर आणायच्या म्हणजे दहा गुणिले सव्वीस, २६० किलोकॅलरी. म्हणजे सव्वातीन किलो बर्फ नुसता बाटल्या गार करण्यात संपला. दुकानातली १० पौंडांची पिशवी साडेचार किलोची, त्यातली पाऊण गेली. तुम्ही अजून घराबाहेर पडलेलाही नाही! यती असो की थर्माकोल, हे गणित दोघांना सारखंच.
म्हणून जे जाईल ते फ्रिजमधून काढूनच आत घाला. कूलरही आदल्या रात्री घरात आणून त्यात थोडा बर्फ टाकून ठेवा. जाड भिंतीचा कूलर गॅरेजमध्ये तापून बसलेला असतो आणि तो स्वतःच आधी बर्फ खातो. नवीन महागडा घेऊन "दोन दिवसांत वितळलं" म्हणणारे बहुतेक इथेच चुकतात.
छोटे खडे नकोत, मोठी लादी हवी. खड्यांना पृष्ठभाग जास्त, भराभर वितळतात. दह्याचे पाच पौंडी डबे प्रत्येक देशी घरात ढिगाने असतात, त्यात पाणी भरून तीन दिवस फ्रीझरमध्ये.

चैत्रपालवी
दह्याचे डबे! माझ्याकडे अकरा आहेत, नवरा टाकून दे म्हणत होता. आत्ता त्याला वाचून दाखवलं.

अंजनगाव_ते_ओरेगन
आणि पाणी काढायचं नाही बरं का. हर्णैकरांचं ऐकून भोक उघडं ठेवलंत तर पस्तावाल.

हर्णैचा_वारा
माझं काय ऐकू नका म्हणता? वीस वर्षं आणतोय.

अंजनगाव_ते_ओरेगन
मासळीसाठी बरोबर आहे तुमचं, ती भिजू नये. पण वितळलेलं पाणीही शून्याच्या आसपासच असतं. ते ओतून दिलं की त्या जागी बाहेरची गरम हवा येते. डबाबंद वस्तू असतील तर पाणी राहू द्यावं.

हर्णैचा_वारा
आणि पनीर, लोणी, कोथिंबीर पोहायला लागते तेव्हा? ताईंनी अजून सांगितलंच नाही आत काय ठेवणार.

प्रयोगवेडा
एवढी डोकेफोड कशाला, ड्राय आइस टाका. उणे ७८ अंश. पाणी होतच नाही, भांडण मिटलं. नाहीतर साध्या बर्फात खडे मीठ. आजोळी उन्हाळ्यात पॉटमध्ये आंब्याचं आइस्क्रीम करायचो, लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ, हँडल फिरवून खांदे मोडायचे. मिठाने बर्फ जास्त थंड होतो.

पारा_शून्यावर
थंड होतो, पण लवकर वितळतो. पॉटला तेच हवं असतं, तुम्हाला पाच दिवस टिकायला हवंय. ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड होतो. सहा जण गाडीत, काचा बंद, एसी आतल्या आत फिरतोय... हा प्रयोग कुटुंबावर करू नये.

खिचडीप्रेमी
योसेमिटीला साबुदाणा खिचडी करा. भिजवलेला साबुदाणा दोन दिवस टिकतो. कूट वेगळं न्या. जाता जाता, फ्रीमाँटमध्ये वाडा कोलम कुठे मिळतो?

अंजनगाव_ते_ओरेगन
वेगळा धागा काढा हो.

तंबूतला_गणपती
योसेमिटीत नऊ वेळा राहिलोय. वर कोणी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. रात्री गाडीत खाणं ठेवायला परवानगी नाही. रिकामा असला तरी कूलरही नाही, अस्वलं कूलर नजरेनं ओळखतात आणि गाडीचं दार वाकवतात. तंबूच्या प्रत्येक जागेवर लोखंडी लॉकर असतो, कूलर त्यात गेला पाहिजे. टूथपेस्ट, सनस्क्रीनसुद्धा. बहुतेक लॉकर १८ इंच उंच असतात. चाकांवरचे उंच कूलर आत जात नाहीत आणि मग लोक रात्री नऊला टॉर्च तोंडात धरून सगळं पिशव्यांत काढत बसतात. मी बसलोय.
यती अस्वलरोधक आहे म्हणून घेऊ नका. तो तसा धरला जातो, पण दोन्ही कोपऱ्यांना कुलूप लावलं तर, आणि इथे कुलूप लावलंत तरी लॉकर सक्तीचाच.
आणि राहणार कुठे आहात? योसेमिटी व्हॅलीत, म्हणजे पार्कच्या मुख्य दरीत, असाल तर बर्फ व्हॅलीतल्याच दुकानात मिळतो, योसेमिटी व्हिलेजला आणि करी व्हिलेजला. मग पाच दिवस टिकवायचा हट्ट कशासाठी?

चैत्रपालवी
अपर पाइन्स कॅम्पग्राउंड, व्हॅलीतच. बर्फ आत मिळतो हे माहीतच नव्हतं! पाच दिवस टिकायला हवा म्हणून तर एवढं सगळं चाललं होतं.
आत काय ठेवणार ते: दूध, दही, अंडी, पनीर, थालीपिठाची भाजणी (ती बाहेरच), आमटी, चटण्या, बाबांचं इन्सुलिन, मुलांचे ज्यूस, टरबूज. नेहमीचंच.

काटकसर_क्लब
इन्सुलिन?

टेक्सासचा_टिकोजीराव
हे तुम्ही टरबुजाच्या शेजारी लिहिताय!

चैत्रपालवी
भारतातून येताना पिशवीत आणलं होतं, फ्रिजमध्ये ठेवतो. त्यात काय सांगायचं? थंड ठेवायचं एवढंच ना?

गोळी_आणि_पुडी (औषधदुकानात काम करते, सॅन होजे)
एवढंच नाही. त्याच्यासाठीच लॉगिन केलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. बर्फाला थेट टेकलं, गोठलं, की ते गेलं. वितळवून परत वापरता येत नाही, दिसायला ठीक वाटलं तरी. खडे मीठ आणि ड्राय आइसवाल्यांनो, जपून. तुमचा फार उत्तम कूलर आणि त्यातला घट्ट बर्फ हीच इन्सुलिनला धोक्याची जागा.
उलट, सध्या वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस बाहेर चालतं. नेमके दिवस त्या औषधाच्या कागदावर असतात, तो वाचा आणि तिथल्या फार्मसिस्टला फोन करा. पाच दिवसांसाठी सोबत किती पेनं लागणार ते मोजा. व्हॅलीत जुलैत दुपारी पारा ३० च्या वर जाऊ शकतो, म्हणून बाहेरचं पेनही उघड्यावर नको. पाण्यात भिजवून गार होणारे खास पाउच मिळतात, बाष्पीभवनावर चालतात, वीज नको, बर्फ नको.
उन्हात उभ्या गाडीत मात्र कधीच नाही. बाबा गाडीतून उतरले की पेन त्यांच्या पिशवीत.

संत्रानगरी
बाष्पीभवन! म्हणजे शेवटी वाळ्याचाच कूलर निघाला. सांगत होतो ना.

गोळी_आणि_पुडी
तत्त्व तेच आहे हो. माझी आजी अमरावतीला लोट्याभोवती ओलं फडकं गुंडाळायची.

तंबूतला_गणपती
मग चित्र स्पष्ट आहे. खाण्याचा एक कूलर, पेयांचा दुसरा, साधेच. पेयांचा दिवसातून पन्नास वेळा उघडतात, खाण्याचा चार वेळा. दूध-दह्याचं खरं महत्त्वाचं: ४० फॅरनहाइटच्या (साधारण ४ सेल्सिअसच्या) वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकायचं, बाहेर ९० फॅरनहाइटच्या (साधारण ३२ सेल्सिअसच्या) वर असेल तर एकाच तासात. आत दहा डॉलरचा थर्मामीटर टाका, यतीपेक्षा तो आधी घ्या. आमटी घरी गोठवून न्या, पहिले दोन दिवस तीच बर्फाचं काम करते.

टेक्सासचा_टिकोजीराव
मान्य, व्हॅलीत असाल तर यती चैन आहे. पण उद्या आमच्या टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कला आलात, जवळ दुकान नसलं, ४० अंश सेल्सिअस... तेव्हा माझी आठवण काढाल. हे माझं वैयक्तिक मत.

काटकसर_क्लब
तेव्हा यती भाड्याने घेऊ. कॅम्पिंगच्या साहित्याची भाड्याची दुकानं आहेत की. चैत्रपालवी, जुन्या कूलरला नेमकं झालंय काय?

चैत्रपालवी
झाकणाचं रबर एका बाजूने सुटलंय.

पारा_शून्यावर
फक्त रबर???

काटकसर_क्लब
दाराच्या फटीला लावतात ती चिकट फोमची पट्टी. हार्डवेअरच्या दुकानात पाच-सहा डॉलर. झाकणात कागदाचा कपटा धरून बंद करा, ओढल्यावर सहज निघाला तर तिथे फट आहे.

चैत्रपालवी (बुधवार, रात्री ९:१५)
पट्टी आणली, लावली, कागद निघत नाही. फार्मसिस्टशी बोलले, बाबांचं चालू पेन पाउचमध्ये आणि एक जादा पेन डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून कूलरमध्ये सगळ्यात वर. दह्याचे सहा डबे गोठतायत.
एकच अडचण. नवऱ्याने काल संध्याकाळीच, मला न विचारता, यती आणला. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पाहिला. आता मागे आई-बाबांना बसायला जागा नाही. खोक्यावरचा स्टिकर त्याने काढलाय. असा परत घेतात का?

टेक्सासचा_टिकोजीराव
परत करू नका!! छतावर बांधा.

काटकसर_क्लब
पावती आहे का?

हर्णैचा_वारा
पावती नसली तर मला द्या. ऑगस्टपासून होड्या पुन्हा समुद्रात जातात, पॉपलेट ठेवीन त्यात. भोक आहे ना त्याला?