मदत हवी आहे : ‘नोआ’ हे नाव हिब्रूत कोरताना

चांदीच्या लॉकेटवर मुलीचं ‘नोआ’ हे नाव हिब्रूत कोरायचं आहे. अक्षरं तीन, उजवीकडून डावीकडे : नून, आयिन, हे. मूळ धातूचा अर्थ हलणं, म्हणून ‘हालचाल, गती’. जलप्रलयातला नोहा वेगळा. त्याचं नाव नून आणि खेत या दोन अक्षरांचं, अर्थ विसाव्याकडे जाणारा. ऑनलाइन भाषांतरातून हमखास तोच येतो, आणि मुलीच्या गळ्यात पुरुषाचं नाव पडतं!

नोआ ही बायबलमधल्या सलाफहादाच्या पाच मुलींपैकी एक. भाऊ नसल्यानं वडिलांचा वाटा आम्हाला द्या, असं या बहिणींनी इस्राएली लोकांचा नेता मोशे याच्यासमोर उभं राहून मागितलं (बायबलमधलं ‘गणना’ हे पुस्तक, अध्याय २७), आणि तो मिळाला. शोमरोनच्या (प्राचीन इस्राएल राज्याच्या राजधानीच्या) उत्खननात सापडलेल्या, इ.स.पू. ८व्या शतकातल्या शाईनं लिहिलेल्या खापरांवर नोआ आणि होग्ला ही दोन बहिणींची नावं प्रदेशनावं म्हणून येतात. इतकं जुनं नाव चुकीचं कोरलं जाऊ नये.

अडचणी दोन. कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं की क्रम उलटून हे-आयिन-नून होतो. मजकुराचं आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्राकृतीत रूपांतर करून) फाइल दिली तर पुरेल का? दुसरं, स्वरचिन्हं (नूनवर होलाम, आयिनखाली कामात्स) ८ मिलिमीटर उंचीत भरून जातात. ती गाळावीत असं माझं मत, आधुनिक हिब्रूत एरवीही लिहीत नाहीत. बेने इस्रायली (मराठी ज्यू) मंडळींनी किंवा हिब्रू कोरणाऱ्या कारागिरांनी कृपया सांगावं.