सागाचा दंड हे निमित्त होतं
कोणीतरी लिहिलंय की ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबॉ याने बॉम्बे बर्मा या इंग्रज लाकूड कंपनीला सागवानाच्या ओंडक्यांवरून दंड ठोकला म्हणून त्याचं राज्य गेलं. अर्धं बरोबर आहे. दंड होता जवळपास २३ लाखांचा, पण लंडन-कलकत्त्याच्या इंग्रज सरकारला खरी धास्ती होती फ्रेंचांची, ते शेजारच्या इंडोचायनात (व्हिएतनामच्या बाजूला) येऊन बसलेले आणि थिबॉच्या राजधानीशी, मंडालेशी, बोलणी चाललेली, मग काय, निमित्त आयतंच मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावती नदीतून इंग्रजांच्या बोटी वर मंडालेकडे गेल्या आणि दोन आठवड्यांत खेळ खल्लास.

राजाला बैलगाडीत बसवून राजवाड्यातून नदीवरच्या बोटीपर्यंत नेलं, लोक रस्त्याच्या कडेला रडत होते. तिथून मद्रास आणि मग १८८६ साली आपलं रत्नागिरी. थिबा पॅलेस आपण बघायला जातो तो १९१० चा, बिचाऱ्याला तिथे जेमतेम सहा वर्षं मिळाली, १९१६ ला गेला.

पण मला विचाराल तर राजा जाण्यापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं. १ जानेवारी १८८६ ला थिबॉचा उत्तर ब्रह्मदेश खालसा जाहीर झाला खरा, पण बंडं मोडायला पुढे कित्येक वर्षं आणि हजारो सैनिक लागले, इंग्रज त्या बंडखोरांना सरसकट डाकू म्हणायचे (आपल्याकडेही तेच करायचे म्हणा). पिढीजात स्थानिक अधिकारी बाजूला सारून गावोगाव सरकारी मुखिया नेमले. बौद्ध संघाचा प्रमुख राजा नेमायचा, आता राजाच नाही, त्यामुळे भिक्खूंवरचा धाकही ढिला पडला. आणि पुढे हेच भिक्खू इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत पुढे होते.