मदत हवी आहे: हाय-फ्लो लावले की वॉर्डात ऑक्सिजनचा दाब पडतो

५० खाटांचं रुग्णालय, मिनिटाला ५०० लिटरचा (एलपीएम) पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा. साथीच्या मॉकड्रिलमध्ये सहा हाय-फ्लो (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारी यंत्रं) प्रत्येकी मिनिटाला ५० लिटरवर लावले, म्हणजे एकूण ३०० लिटर. प्लांटच्या तोंडाशी दाब ४.५ बार, शुद्धता ९३ टक्के; शेवटच्या खाटेशी मात्र ३.२ बार, व्हेंटिलेटरचा अलार्म सुरू. फिल्टर बदलले, साबणाच्या पाण्याने सांधे तपासले. रात्री सगळे आउटलेट बंद ठेवले तर दाब टिकतो, म्हणजे गळती नाही. जंबो सिलिंडरचा मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एकत्र जोडणारी नळी) जोडला तरी तेच, कारण वॉर्डापर्यंतची पाइपची वाट तीच. वॉर्डाकडे जाणारी पाइपची शाखा १५ मिमीची आहे, संशय तिच्यावरच. वॉर्ड दोन दिवसांपेक्षा जास्त रिकामा ठेवता येणार नाही. फक्त ही शाखा २२ मिमी केली तर पुरेल, की दुसऱ्या टोकातूनही जोड देऊन रिंग करावी लागेल?